सुताची अळी, रेशमाची अळी

आमच्या दुकानात एक रिवाज आहे. रफू केलेला कपडा गिऱ्हाइकाच्या हातात तसाच द्यायचा नाही. आधी मी तो इस्त्रीच्या टेबलावर पसरतो, त्यावरून एकदा तळहात फिरवतो आणि म्हणतो, "ठेवा बोट. कुठं फाटलं होतं?" गिऱ्हाईक वाकून बघतं, चष्मा वरखाली करतं, कपडा उजेडाकडे धरतं आणि शेवटी भलतीकडेच कुठंतरी बोट टेकवतं. तीस वर्षांत एकाचंही बोट बरोबर जागी पडलेलं नाही. मग मी पोटभर हसतो. रफू हिचं, हसणं माझं, अशी आमची वाटणी आहे.

ही म्हणजे माझी बायको. दुकानाच्या मागच्या बाजूला, पडद्याआड, खिडकीशी तिची खुर्ची आहे. धुलाई, इस्त्री आणि गिऱ्हाइकांशी भांडण ही खाती माझ्याकडे. मी बोलत सुटतो म्हणून ती गप्प असते, असं लोक म्हणतात. ती गप्प असते म्हणून दोघांच्या वाटचं मला बोलावं लागतं, हे कुणी ध्यानात घेत नाही.

एका गोष्टीचं मात्र मला आतून वाईट वाटायचं. सुतारानं केलेली खुर्ची लोक वाखाणतात, गवंड्याची भिंत सगळ्यांना दिसते. हिचं काम जितकं चांगलं, तितकं ते दिसेनासं होतं. अख्ख्या शहरात लोक हिचं काम अंगावर घालून फिरतायत आणि कुणालाच त्याचा पत्ता नाही. मी हे तिला बोलून दाखवलं की ती म्हणायची, "मग काय पाठीवर पाटी लावू त्यांच्या?" विषय संपला.

आम्हाला एकच मुलगी. लहानपणापासून प्रश्न विचारून डोकं खायची म्हणून तिचं नाव पडलं चौकशी. ही चौकशी गेल्या वर्षी सरकारी बागेच्या कीटक विभागात लागली, पण कच्ची. वर्षभर काम बघणार, मग ठरवणार. ठरवणाऱ्या बाईंच्या गळ्यात कायम भिंग लोंबतं, म्हणून आमच्या घरात त्या भिंगबाई. भिंगबाई वाईट नाहीत. पण त्यांच्यासमोर माणसाला आपल्या शर्टाचं बटण तुटलंय की काय असं वाटत राहतं.

त्या बागेत लिंबं, संत्री, ईडलिंबू अशी वीसेक झाडं आहेत. त्यांच्यावर फुलपाखरांच्या अळ्या होतात. तिथल्या माळीबुवांचा या बाबतीतला नियम सोपा होता. अळी दिसली की चपलेखाली. त्यावर भिंगबाईंचं आणि माळीबुवांचं इतकं वाजलं की शेवटी बाईंनी ठरवलं, या झाडांच्या शेजारच्या दालनात एक मोठा फलक लावायचा. झाडावर कुठली अळी आहे, तिचं पुढं कुठलं फुलपाखरू होणार, हे कुणालाही ओळखता आलं पाहिजे. काम दिलं चौकशीला. "हे नीट झालं तर कायम," त्या म्हणाल्या. नाही झालं तर काय, ते त्या बोलल्या नाहीत, पण ते आम्हाला न सांगता समजलं.

चौकशी कामाला लागली आणि पंधरा दिवसांत रडकुंडीला आली.

त्याचं असं की त्या झाडांवर दोन जातींच्या अळ्या असतात. मोठ्या झाल्या की दोन्ही हिरव्या. पण लहान असताना दोन्ही काळपट तपकिरी, मध्ये पांढरा फराटा. पक्ष्याची शीट पडल्यासारख्या दिसतात. पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून निसर्गानं दिलेलं सोंग, असं चौकशी म्हणते. मी म्हटलं, असलं सोंग घेऊन जगण्यापेक्षा खाल्लेलं बरं. तिला हसू आलं नाही. तिनं बारा लहान अळ्या ओळखून दोन खोक्यांत वेगळ्या ठेवल्या होत्या आणि मोठ्या झाल्यावर त्यांतल्या सात चुकीच्या खोक्यात निघाल्या होत्या. फोटो काढावेत तर दोन्ही फोटोंत सारख्याच. संध्याकाळी ती येऊन परसातल्या पायरीवर तोंड पाडून बसली. समोर आमचं लिंबाचं झाड होतं आणि त्यावरही तसल्याच अळ्या होत्या.

ही कपडे वाळत घालायला बाहेर आली. लेकीचं तोंड बघून तिनं बादली खाली ठेवली आणि झाडाशी वाकली.

"यांच्यापायी रडतेस होय?" ती म्हणाली. "ही सुताची आहे. ही रेशमाची. ही सुताची. वरची ती रेशमाची."

"आई, काय बोलतेयस?"

"अगं, सूत उजेड पिऊन टाकतं, रेशीम परत देतं. ही बघ कशी कोरडी आहे, आणि हिला तेल लावल्यासारखं आहे. डोळे कुठं ठेवलेस?"

चौकशीनं डोळे पुसले, वाकली, बराच वेळ बघत राहिली. मग ती अशी उठली की बादली कलंडली. दुसऱ्या दिवशी तिनं बागेतून वीस लहान अळ्या आणल्या. हिनं खिडकीशी बसून, फुलपात्रातला चहा संपायच्या आत, त्या दोन डब्यांत निवडल्या. तांदळातले खडे काढावेत तशा.

खरं-खोटं कळायला दहाबारा दिवस गेले. अळ्यांनी कात टाकली, हिरव्या झाल्या. या अळीला डिवचलं की डोक्यामागून दोन फाट्यांचं मऊ शिंग बाहेर काढते. एका जातीचं शिंग नारिंगी, दुसरीचं लाल. डिवचायचं काम माझ्याकडे आलं, कारण डिवचण्यात माझा हात कुणी धरणार नाही. त्या शिंगाला असा आंबूस वास येतो की त्या दिवशी इस्त्री केलेल्या शर्टांबद्दल तीन तक्रारी आल्या. पण सुताच्या डब्यात सगळी शिंगं नारिंगी निघाली आणि रेशमाच्या डब्यात सगळी लाल. विसांपैकी वीस! मी दुकान सोडून शेजारच्या घड्याळवाल्याला सांगून आलो. त्यानं विचारलं, "अळ्या?" मी म्हटलं, "तुला नाही कळायचं."

फलक शिवायची कल्पना चौकशीची. फोटोत जे येत नाही ते धाग्यात येईल, असं तिनं भिंगबाईंना पटवलं. तिनं दोन्ही जातींच्या पाच-पाच अवस्था पेन्सिलीनं मोठ्या करून काढल्या, आणि हिनं त्या जाड पांढऱ्या कापडावर भरल्या. एका रांगेला फक्त सूत, दुसऱ्या रांगेला फक्त रेशीम. महिनाभर रफूचं नवं काम मी घेतलं नाही. गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली आणि परतही केली. चौकशीनं प्रत्येक चित्र तपासून खाली सही केली. भिंगबाईंनी लहान अळ्यांच्या चित्रांवर भिंग धरलं, फलक खिडकीसमोर तिरपा केला, आणि म्हणाल्या, "हे मला वीस वर्षांत फोटोत पकडता आलं नाही." चौकशीनं घरी येऊन हे वाक्य आम्हाला चार वेळा ऐकवलं. पाचव्यांदा मी सांगायला लावलं.

दालनाचं उद्घाटन शनिवारी अकरा वाजता होतं. शनिवारी सकाळी चौकशी लवकर गेली. मी माझ्याच पांढऱ्या शर्टाला इस्त्री करत होतो, आणि आपल्या शर्टाला इस्त्री करायची वेळ वर्षातून एकदा येते, म्हणून रमलो होतो. ही झाडाला पाणी घालायला गेली ती आत येईना. मी हाक मारली. बाहेर जाऊन बघतो तर पाणी झाडाच्या बुंध्याशी साचलंय आणि ही पानांत डोकं घालून उभी आहे.

"अहो, इकडे या," ती म्हणाली. "ही बघा. सुताची. मोठी झालीय. हिच्या पाठीवरची तपकिरी पट्टी कुठं जोडलीय, ठेवा बोट."

मी वाकलो. हिरव्या अंगाच्या दोन्ही कुशींवरून तिरपी पट्टी वर येत होती. पाठीवर पोचायच्या आत दोन्हीकडून थांबत होती. मध्ये नुसतं हिरवं. मी या बाजूनं बघितलं, त्या बाजूनं बघितलं.

"जोडलेलीच नाही," मी म्हटलं.

"आणि मी जोडलीय."

मला लगेच कळलं नाही. मग तिनं रेशमाची एक मोठी अळी दाखवली. तिची पट्टी पाठीवरून सलग पलीकडे गेली होती. तिनं एकेक करून झाडावरच्या सगळ्या मोठ्या अळ्या दाखवल्या. सुताच्या तीन, तिन्हींची पट्टी तुटकी. रेशमाच्या दोन, दोन्हींची अखंड. फलकावर मात्र दोन्ही रांगांत अखंड होती.

"चौकशीच्या चित्रात फट होती," ती म्हणाली. "कागदाची घडी नेमकी तिथंच पडली होती. मला वाटलं, घडीवर पेन्सिल उचलली गेली. तुटलेलं दिसलं की माझा हात थांबतो होय? घेतली सांधून."

तीस वर्षांत हिचं एकही काम परत आलं नव्हतं. जिथं तुटलेलं आहे तसंच ठेवायचं होतं, नेमकं तिथं हिनं रफू केलं होतं, आणि इतकं छान केलं होतं की लेकीला दिसलं नाही, भिंगबाईंना भिंगातून दिसलं नाही.

मी माणूस कसा आहे ते लपवत नाही. मी म्हटलं, "झाकली मूठ सव्वा लाखाची. कुणाला दिसलेलं नाही, दिसणारही नाही. आज पोरीचा दिवस आहे. आजच सांगितलं तर ती कायम व्हायची राहील. महिन्याभरानं हळूच जाऊन दुरुस्त कर."

"महिनाभर लोक चुकीचं शिकून जातील त्याचं काय?"

"अगं, अळ्या आहेत त्या! कुणाचं लग्न मोडणार आहे?"

"दिसत नाही म्हणून चालतं ते रफूत," ती म्हणाली. "हे दिसावं म्हणून केलंय." मग तिनं पदराला हात पुसले. "पोरीनं बरोबर काढलं होतं, चूक माझी. माझं काम परत हातात घ्यायला मी चाललेय. तुम्ही येणार असाल तर शर्ट घाला."

तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की मी बनियनवर भांडतोय.

तिनं कात्री, सुया आणि हिरव्या सुताची गुंडी पिशवीत टाकली. मी सुताच्या अळीची एक डहाळी तोडून बरणीत घातली आणि वर फडकं बांधलं. रस्ताभर मी बडबडत होतो आणि ती पिशवी धरून झपाझप पुढं चालली होती. मला भीती वाटत होती, राग येत होता, आणि खरं सांगायचं तर राग तिच्यापेक्षा त्या कागदाच्या घडीवर होता.

दालनात खुर्च्या मांडून झाल्या होत्या. माळीबुवा नव्या टोपीत दाराशी उभे होते. समोरच्या भिंतीवर फलक होता, आणि काय सांगू, इतका देखणा दिसत होता की मला पुन्हा वाटलं, राहू दे. चौकशी धावत आली. "आई, बाबा, इतक्या लवकर?"

हिनं काही लपवाछपवी न करता सांगून टाकलं. चौकशीनं बरणी हातात घेतली, अळीकडे बघितलं, फलकाकडे बघितलं. तिचा चेहरा उतरला. मी मनात म्हणत होतो, गप्प बस बाळा, आजच्या दिवस गप्प बस. बापाचं मन असं असतं, त्याला मी काय करू?

चौकशीनं बरणी घट्ट धरली आणि आम्हाला न सांगता थेट भिंगबाईंकडे गेली. भिंगबाई पाहुण्यांची यादी बघत होत्या.

"मॅडम, फलकात चूक आहे," ती म्हणाली. अख्ख्या दालनाला ऐकू जाईल असं. "सुताच्या शेवटच्या अळीची पट्टी तुटकी हवी. मी तपासून सही केली होती. चूक माझी आहे."

"टाका मी घातला," ही मागून म्हणाली. "चूक माझी."

"आई, तपासणं माझं काम होतं."

"आणि सांधायला कुणी सांगितलं होतं मला?"

"तुमचं भांडण नंतर," भिंगबाई म्हणाल्या. "आधी अळी."

त्यांनी फडकं सोडून भिंग लावलं. बघितलं. मग फलकाशी गेल्या आणि तिथंही बघितलं. दोन्हीकडे इतका वेळ घेतला की माळीबुवांनी टोपी काढून पुन्हा घातली. शेवटी भिंगबाई वळल्या आणि भिंग गळ्यात सोडलं.

"लहान अळ्यांवर इतकी खूश झाले की मोठीकडे नीट बघितलंच नाही," त्या म्हणाल्या. "तर मग चूक तिघींची. किती वेळ लागेल?"

"उसवून भरायला पाऊण तास," ही म्हणाली.

"पाहुणे वीस मिनिटांत येतील."

"येऊ देत. मला फक्त एक खुर्ची द्या, आणि ती खिडकी उघडा."

भिंगबाईंनी स्वतः खुर्ची आणली, माळीबुवांनी फलक भिंतीवरून उतरवून खिडकीशी उभा केला. माझी बायको तीस वर्षं पडद्याआड बसून काम करत आली. गिऱ्हाईक मागे डोकावलं तरी तिची सुई थांबायची. ती त्या दिवशी भरल्या दालनात, फलकासमोर बसली आणि स्वतःचे टाके उसवायला लागली. पाहुणे आले. कुजबुज झाली. भिंगबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "या बाईंनी हा फलक भरलाय. आज सकाळी त्यांना आपल्या झाडावर स्वतःची चूक सापडली, म्हणून त्या ती दुरुस्त करतायत. लहान अळ्यांमधला फरक आम्हाला यांच्यामुळे कळला. भाषण मी नंतर करते. आधी हे बघून घ्या." आणि लोक खुर्च्या सोडून हिच्याभोवती जमले.

तपकिरी टाके एकेक निघत होते. त्या जागी हिरवं सूत भरलं जात होतं. तुटलेलं तुटलेलंच दिसावं म्हणून एवढी मेहनत घेताना मी हिला पहिल्यांदाच बघत होतो. मी हातात बरणी धरून उभा होतो आणि माझी छाती इतकी फुगली होती की शर्टाची इस्त्री मोडली असेल. सकाळी हिला गप्प राहायला सांगणारा मीच, हे आठवलं की लाजही वाटत होती. दोन्ही एकदम वाटत होतं.

भिंगबाई चौकशीशेजारी येऊन उभ्या राहिल्या. "चुका करणारे मला चालतात," त्या हळू म्हणाल्या. "लपवणारे पुष्कळ आले आणि गेले. सोमवारी कायमचं पत्र घेऊन जा." चौकशीनं मान हलवली आणि माझा दंड असा आवळला की अजून दुखतोय.

हिनं शेवटचा टाका घातला, धागा तोडला, उठून दोन पावलं मागे सरकली. रेशमाची पट्टी अखंड, सुताची तुटकी. आता चुकायला जागाच नव्हती.

तेवढ्यात गर्दीतून माळीबुवा पुढं आले. हातात संत्र्याची डहाळी होती, डहाळीवर मोठी हिरवी अळी. चपलेखाली न घालता त्यांनी ती इथवर आणली होती. "बाई, ही कुठली म्हणायची?"

चौकशी सांगायला पुढं झाली. हिनं हात आडवा करून तिला थांबवलं.

"ठेवा बोट," ही माळीबुवांना म्हणाली.

माझं वाक्य. तीस वर्षं पडद्याआडून ऐकलेलं.

माळीबुवांनी डहाळी डोळ्यांजवळ नेली. एकदा अळीकडे, एकदा फलकाकडे, पुन्हा अळीकडे बघितलं. मग मातीनं भरलेलं बोट विजारीला पुसलं आणि फलकावर टेकवलं. नेमकं त्या हिरव्या फटीवर.

"इथं तुटलीय," ते म्हणाले. "म्हणजे सुताची."

तीस वर्षांत पहिल्यांदा हिच्या कामावर कुणाचं बोट बरोबर जागी पडलं. माळीबुवा डहाळी जपून घेऊन संत्र्याच्या झाडाकडे निघाले. हसायचं खातं खरं म्हणजे माझं. पण त्या दिवशी हसली ती, सगळ्यांसमोर, मोठ्यानं. आणि मी पाठ फिरवून, कुणाला डोळे दिसू नयेत म्हणून, बरणीवर फडकं बांधत राहिलो.